कोपरापर्यंत

चाळीस वर्षं मी पंपघरात काढली.
समुद्रसपाटीच्या खाली वसलेली अकरा गावं,
त्यांच्या गायी, त्यांची चर्चं, त्यांची बटाट्याची शेतं
रात्रंदिवस कोरडी ठेवली.
आणि माझ्याच परसातल्या तळ्याचं
वाटाण्याचं सूप झालं.

आधी एका खुब्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्या.
दोन उन्हाळे मी खिडकीतूनच बघत होतो
विलोची पानं पाण्यावर पडताना.
पडत, तरंगत, मग दिसेनाशी होत.
त्यांचं पुढे काय झालं
ते एप्रिलमध्ये नाकाला कळलं.

येल्त्ये म्हणाली, "दिव्याखाली अंधार.
सगळ्या फ्रीसलँडचं पाणी उपसलंस,
आता हे चार बाय तीन मीटर तेवढं उपस."

जस्ताच्या टबात मासे काढले आधी.
आठवणीत सात होते. जाळ्यात अकरा आले,
त्यातले चार काळेकुट्ट, बोटाएवढे,
आमच्या नकळत जन्मलेले.
मग गाळ. बादली, बादली, बादली.
सडक्या अंड्यांचा वास, शेजारी फोल्कर्टची खिडकी
धाडकन बंद.
तळाशी एक चमचा, नातवाचा अर्धा घोडा,
आणि माझा चष्मा, ज्याच्यासाठी
मी येल्त्येशी आठवडाभर भांडलो होतो.
धुऊन ठेवला. काही बोललो नाही.
तीही नाही. पण तिनं तो डोळ्यांवर चढवला
आणि माझ्याकडे बघत राहिली.

पाणी सगळं बदलायचं नसतं.
एक तृतीयांश जुनं ठेवायचं,
फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात पिळायचा,
नळाखाली धरला की त्यातलं जिवंत काही मरतं.
पंपघरात नवीन पोरांना मी हेच सांगायचो
वेगळ्या शब्दांत: घाई कराल तर बांध फुटेल.
येल्त्येच्या जुन्या मोज्यात जवाचा पेंढा भरून
दगड बांधून सोडला.
मग रोज सकाळी एकच परीक्षा:
कोपरापर्यंत हात बुडवायचा,
बोटं दिसतात का बघायचं.

पहिल्या आठवड्यात मनगटही नाही.
दुसऱ्यात पाणी ताकासारखं.
तिसऱ्या रविवारी पाचही बोटं,
नखाखालच्या मातीसकट.
फोल्कर्टला हाक मारली. तो कॉफी घेऊन आला
आणि कुंपणापलीकडून तळ बघून म्हणाला,
"याच्यात आता वर्तमानपत्र वाचता येईल."
त्या रात्री मला चांगली झोप लागली.

सोमवारी पहाटे राखी बगळा
फोल्कर्टच्या शेडवरून उतरला होता.
एका पायावर, ध्यान लावून.
कुणाला पाण्यात बघणं म्हणजे काय
ते मला त्या दिवशी नीट कळलं.
मी काठी घेऊन धावलो,
म्हणजे माझ्या खुब्यांना जेवढं धावता येतं तेवढं.
सात सोनेरी होते, पाच राहिले.
काळे चार मात्र गाळाच्या सावलीत
होते तसेच, मोजून चार.

येल्त्ये दारात उभी, गाऊनमध्ये.
"दोन वर्षं ते अंधारात सुखरूप होते," ती म्हणाली,
"तू त्याच्यासाठी टेबल मांडलंस. काच पुसून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पाणी हटवायचं कसं ते मला येतं.
कुणाला लपायला किती लागतं
याचं मोजमाप आमच्या खात्यात कधी झालंच नाही.

लिलीची तीन रोपं आणली.
अर्धं तळं त्यांच्या पानांखाली गेलं.
टिकल्यांसारखं ते हिरवं शेवाळ मी उपसत होतो,
आता एका कोपऱ्यात राहू दिलंय.
जाळं घातलं नाही. येल्त्येला जाळ्याखालचं काही आवडत नाही.
बगळा अजून येतो. शेडवर बसतो.
बघतो. कंटाळतो. कालव्याकडे जातो.

संध्याकाळी मी अजून हात बुडवतो.
तळहात दिसतो, त्याच्या खालचं जरा धूसर.
करंगळीला काहीतरी लागतं,
गार, निसरडं, लगेच निघून जाणारं.
कोणता ते कळत नाही.
मी विचारत नाही.